दहापटीचा दंडक

वनस्पतींच्या टाकीचा विषय निघाला की एक आकडा हमखास पुढे येतो. टाकीत जेवढं पाणी, त्याच्या दहापट पाणी तासाला फिल्टरमधून फिरलं पाहिजे. दुकानदार हे सांगतो, जुना छंदी सांगतो, आणि नवा छंदी या दोघांचं ऐकून तिसऱ्याला सांगतो. तीन फुटी टाकी असेल तर तासाला दोन हजार लिटरचा कॅनिस्टर, म्हणजे बंद डब्याचा फिल्टर, घ्या. पानांवर शेवाळ धरलं तर जोडीला पॉवरहेड, म्हणजे पाणी ढकलणारा छोटा पंप, लावा. तरी शेवाळ गेलं नाही तर पॉवरहेड कमी पडतोय असं समजा. या युक्तिवादाची गंमत अशी की तो कधी हरतच नाही. टाकी बहरली तर श्रेय दहापटीचं, बिघडली तर दोष कमी लिटर घेणाऱ्याचा. अशा नियमाची झाडाझडती व्हायला हवी.

आधी हिशेब करू. आपल्याकडे टाक्या फुटांत मोजतात. तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी काठोकाठ भरली तर साधारण १९० लिटर पाणी मावतं. माती, दगड, लाकूड आणि वरची मोकळी जागा वजा केली की दीडशेच्या आसपास उरतं. म्हणजे दहापट नक्की कशाची, इथपासूनच वांधे. तरी १९० धरू. तासाला १,९०० लिटर म्हणजे सेकंदाला अर्ध्या लिटरहून जरा जास्त. हे पाणी टाकीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सगळीकडून सारखं सरकलं असतं, तर त्याचा वेग किती भरला असता? सेकंदाला जेमतेम पाव सेंटिमीटर.

प्रत्यक्षात पाणी असं सरकत नाही. ते फिल्टरच्या तोंडातून झोताने बाहेर पडतं, आजूबाजूचं पाणी बरोबर ओढून नेतं, समोरच्या काचेवर आदळतं, खाली वळतं आणि तळाशी झाडं दाट असतील तर तिथेच मरगळतं. तासाला ६०० लिटर पाणी १२ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या नळीतून सरळ सोडलं, तर तोंडाशी वेग सेकंदाला जवळजवळ दीड मीटर येतो. तेच ६०० लिटर, दहापट क्षेत्रफळाचं तोंड असलेल्या काचेच्या कर्ण्यातून सोडलं की तो पंधरा सेंटिमीटरवर उतरतो. लिटर तेवढेच, पण एका टाकीत रोपं उपटली जातात आणि दुसरीत पानं नुसती डुलतात. मग तासाला किती लिटर, या एका आकड्यावरून झाडापाशी काय घडतंय ते कसं कळणार? तो आकडा पंपाची माहिती देतो. टाकीची माहिती त्यात नसते.

दहापटवाल्यांचा एक मुद्दा मात्र खरा आहे आणि तो मान्य केला पाहिजे. खोक्यावर छापलेला आकडा हा रिकाम्या पंपाचा, पाणी वर चढवायचं नाही अशा स्थितीतला, सर्वांत जास्त प्रवाहाचा असतो. डब्यात स्पंज, सिरॅमिक रिंगा, लोकर भरली, नळ्या टाकीच्या काठापर्यंत चढवल्या, महिनाभर गाळ साचू दिला की त्यातला बराच भाग गळून पडतो. म्हणून ते म्हणतात, खोक्यावर दहापट बघून घ्या, हातात चार-पाचपट तरी पडेल. हे व्यवहाराचं बोलणं आहे, आणि तेवढ्यापुरतं ठीकही आहे. पण मग दंडक दहापटीचा नाही, चार-पाचपटीचा झाला, तोही अंदाजाने. अंदाज कशाला करायचा? परतीची नळी बादलीत धरा आणि घड्याळ लावा. वीस लिटरची बादली दोन मिनिटांत भरली तर तुमचा फिल्टर तासाला ६०० लिटर देतो, खोक्यावर काहीही छापलेलं असो. बादली टाकीच्या काठाच्या उंचीला धरायची, खाली जमिनीवर ठेवायची नाही, नाहीतर उताराच्या जोरावर पाणी जास्त येतं आणि आकडा फुगतो. एवढी मोजणी करणारा छंदी विरळा. आकडा सांगणारे मात्र पायलीचे पन्नास.

आता मुळाशी जाऊ. पाण्याखालच्या पानाला पाणी हलतं का हवं? कार्बन डायऑक्साइड हवेत जितक्या वेगाने पसरतो, त्याच्या साधारण दहा हजारांश वेगाने तो पाण्यात पसरतो. प्रत्येक पानाला लगटून पाण्याचा एक पातळ, जवळजवळ निश्चल थर असतो. पान त्या थरातला वायू आणि क्षार खेचून घेतं आणि बाहेरून नवा माल येईपर्यंत उपाशी राहतं. पाणी हललं की हा थर पातळ होतो आणि पानाला लवकर पोचतं. प्रवाहाची गरज आहे ती इथे, आणि इथवर दहापटवाले बरोबर आहेत. पण किती हलायला हवं? इंग्लंडमधले वेस्टलेक यांनी १९६७ साली नदीतल्या वनस्पतींवर केलेले प्रयोग नेमके याच प्रश्नाचे आहेत. अगदी मंद वेगांच्या पट्ट्यात, सेकंदाला एक सेंटिमीटरच्याही खाली, प्रकाशसंश्लेषणाचा दर झपाट्याने चढत गेला. पुढे १९९३ साली डॅनिश संशोधक मॅडसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओढ्यातल्या वनस्पती घेऊन वेग वाढवत नेला, तेव्हा प्रकाशसंश्लेषण उलट उतरलेलं दिसलं. म्हणजे फायदा आहे तो बव्हंशी स्तब्ध पाणी आणि हलतं पाणी यांच्यामधला. हलत्या पाण्याला आणखी पळवल्याने पान जास्त जेवत नाही.

आपल्या सह्याद्रीकडे पाहिलं तरी हेच दिसतं. कोकणातल्या ओढ्यांच्या काठाला, भातखाचरांच्या कडेला क्रिप्टोकोरायनी स्पायरॅलिस उगवते. पावसाळ्यात ओढा मधोमध फेसाळत धावतो, आणि ही वाढते आडोशाला, चिखलात पाय रोवून. कासच्या पठारावर साचलेल्या पाण्यात वायतुऱ्याची ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस ही जात येते, रोटालाच्या जातीही येतात. ती डबकी वितभर खोल, पण तिथे पंप कोण लावतो? यावर कोणी म्हणेल की डबकं उथळ आणि उघडं, त्याच्या चिखलातून वायू मिळत असतो, आपली टाकी दीड फूट खोल आणि काचेत कोंडलेली, तुलना कशाला? बरोबर आहे. म्हणूनच टाकीत थोडं पाणी हलवावं लागतं. पण याच झाडांच्या नावावर धबधब्याची मागणी करायची, हे त्यांना न विचारताच ठरवल्यासारखं आहे.

माशांचंही तेच. आपल्या पश्चिम घाटातला डेनिसन बार्ब, २०१३ पासून ज्याच्या वंशाचं नाव सह्याद्रिया आहे, तो केरळातल्या वाहत्या नद्यांचा मासा. त्याला झोत आवडतो, तो झोतासमोर तोंड करून रांगेत उभा राहतो. डोंगरी ओढ्यातल्या लोच माशांचंही तसंच. पण आपल्या टाक्यांत असतं काय? गुरामी, बेटा, एंजल. गुरामी आणि बेटा बुडबुड्यांचं घरटं पाण्याच्या पृष्ठावर बांधणारे, संथ पाण्यातले. दोन हजार लिटरच्या झोतात बेटा सोडा आणि पाहा. लांब पर त्याला शिडासारखे ओढतात, तो फिल्टरच्या विरुद्ध कोपऱ्यात लाकडामागे जाऊन बसतो आणि फक्त दाणे पडले की बाहेर येतो. मालक म्हणतो मासा लाजाळू आहे.

खरं गणित मात्र फिल्टरच्या पोटात आहे, आणि दहापटीच्या भक्तांचा सर्वांत मोठा गैरसमजही तिथेच. त्यांच्या लेखी फिल्टर म्हणजे बॅक्टेरियांची वसाहत. जितका मोठा डबा, जितक्या किलो रिंगा, तितकं पाणी निरोगी. नुसत्या माशांच्या टाकीत हे बऱ्याच अंशी खरं आहे. माशांच्या कल्ल्यांतून अमोनिया सुटतो, तो विषारी. बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, मग नायट्रेट. टाकीत दुसरं कोणी अमोनिया खाणारं नसेल तर ही वसाहत हवीच. पण वनस्पतींच्या टाकीत अमोनिया खाणारे आधीच हजर आहेत आणि त्यांना तो आवडतो. डायना वॉलस्टॅड यांनी १९९९ साली आपल्या पुस्तकात हेच साधार मांडलं. बहुतेक जलवनस्पती नायट्रेटच्या आधी अमोनियम उचलतात. कारण साधं आहे. नायट्रेट घेतलं तर पानाला आत ते पुन्हा अमोनियमच्या रूपात आणावं लागतं, आणि त्याला ऊर्जा खर्ची पडते.

आता आपण काय करतो ते पाहा. डब्यात तीन-चार किलो रिंगा भरून अमोनियाचं घाईघाईने नायट्रेट करायचं. झाडाने ते नायट्रेट उचलून, शक्ती खर्चून, परत अमोनियम करायचं. आणि तरी झाडं पिवळी पडली की दुकानातून पोटॅशियम नायट्रेट आणून वरून टाकायचं! याला व्यवस्था म्हणायचं? नायट्रेटने झाडाचं काही वाकडं होत नाही, ते कबूल. ते खाऊन झाडं उत्तम वाढतात. पण त्याची टंचाई भासून जो बाहेरून खत आणतो, त्याने तरी फिल्टरमधल्या बॅक्टेरियांच्या टंचाईची चिंता करू नये.

हिशेबच हवा असेल तर तोही आहे. माशांना दिवसाला एक ग्रॅम दाणे दिले, त्यात ४० टक्के प्रथिनं धरली, तर त्यात नायट्रोजन सुमारे ६४ मिलिग्रॅम. यातला काही भाग माशाच्या अंगी लागतो. तो वजा न करता सगळाच्या सगळा १९० लिटर पाण्यात उतरला असं धरलं तरी लिटरमागे तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास मिलिग्रॅम, तोही दिवसभरात हळूहळू. दाट लावलेली, जोमाने वाढणारी टाकी एवढा घास सहज गिळते. छंदी मंडळी तर वरून आणखी नायट्रेट स्वतःच्या हाताने ओततात.

शिवाय बॅक्टेरिया काही डब्यातच राहतात असं नाही. माती, वाळू, लाकूड, काच, पानांची पाठ, सगळीकडे त्यांचा थर असतो. त्यांच्याबद्दलचं ज्ञानही गेल्या पंचवीस-तीस वर्षांत उलटंपालटं झालं आहे. गोड्या पाण्याच्या टाकीत नायट्राइट खाणारा म्हणून सगळ्यांनी नायट्रोबॅक्टर पाठ केला होता. १९९८ साली टिमोथी होवानेक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ते काम नायट्रोस्पायरा करतो. २०११ साली फिल्टरांत अमोनिया खाणाऱ्या आर्किया, म्हणजे बॅक्टेरियांहून वेगळ्या गटातले सूक्ष्मजीव, मोठ्या संख्येने सापडल्या. २०१५ साली तर एकटाच सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळं काम उरकणारा नायट्रोस्पायरा सापडला, आणि त्यातला एक मत्स्यपालनाच्या यंत्रणेतल्या फिल्टरमध्ये. कोण, कुठे, किती काम करतं याचा उलगडा शास्त्रज्ञांना आत्ता कुठे होतोय. किती किलो रिंगा लागतात हे दुकानाला मात्र पाठ आहे.

नव्या टाकीची गोष्ट वेगळी आहे, हे सांगायला हवं. ॲक्वासॉइलसारख्या मातीतून पहिले काही आठवडे अमोनिया सुटतो, झाडं अजून रुजलेली नसतात, ती जुनी पानं गाळतात. तेव्हा फिल्टर खरोखर राखणदार असतो. मासे सोडायची घाई असलेल्याला तो अधिकच लागतो. पुढे झाडांनी ताबा घेतला की फिल्टरकडे दोन कामं उरतात. तरंगणारा गाळ पकडणं आणि पाणी हलतं ठेवणं. या दोन्हींना स्पंज आणि थोडी लोकर पुरते. रिंगांनी डबा गच्च भरला तर दुसरं काम उलट बिघडतं, कारण प्रवाहच घुसमटतो.

आणि आपल्याकडे वीज जाते. हा मुद्दा परदेशी पुस्तकांतून उतरवलेल्या दंडकांत कुठेच नसतो, पण विदर्भ-मराठवाड्यातल्या छंदी माणसाला त्याचा विचार केल्यावाचून एक उन्हाळा काढता येत नाही. कॅनिस्टर हा बंद डबा. वीज गेली की आतलं पाणी थांबतं. आतली वसाहत श्वास घेत राहते आणि डब्यातला प्राणवायू संपवते. जितक्या जास्त रिंगा, जितका जास्त गाळ, तितका तो लवकर संपतो. काही तासांनी वीज आली की सडका वास मारणारं ते पाणी पंप इमानेइतबारे टाकीत ढकलतो. त्यातच मे महिना. २५ अंशाला पाण्यात प्राणवायू लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास मावतो, ३२ अंशाला तो सव्वासातवर येतो, आणि रात्री झाडंही प्राणवायूच घेत असतात. अशा घरात स्पंज फिल्टर टाकीतच उघडा असणं आणि बॅटरीवर चालणारा एअर पंप जवळ असणं, हे मोठ्या कॅनिस्टरपेक्षा शहाणपणाचं आहे. पंधरा हजारांच्या फिल्टरवर माणूस खूष असतो आणि तीन-चारशे रुपयांच्या एअर पंपाकडे ढुंकून बघत नाही. अशा वेळी मासे मरतात ते लिटर कमी पडून मरत नाहीत.

वीज तास-दोन तासांपेक्षा जास्त गेली असेल तर कॅनिस्टर परत चालू करण्याआधी आतलं पाणी बाहेर फेकून द्यावं आणि स्पंज टाकीच्याच पाण्यात पिळावा. नळाखाली धुऊ नये, पालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतो.

आता शेवाळ. प्रवाह कमी म्हणून शेवाळ, हे वाक्य इतकं रुळलंय की त्यावर कोणी शंका घेत नाही. पण ती काळी दाढी, बीबीए म्हणतात ती, पहिल्यांदा कुठे दिसते ते आठवून पाहा. पुष्कळदा फिल्टरच्या तोंडावर, पॉवरहेडच्या जाळीवर, झोतात सतत थरथरणाऱ्या पानाच्या कडेला. म्हणजे प्रवाह टाकीत सर्वांत जास्त असतो, नेमक्या तिथे! ती आलेली पाहून जो आणखी मोठा पंप आणतो, त्याचं आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. सीओटू (सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड) रोज वेगवेगळ्या वेळी सुरू होणं, सिलिंडर संपत आलेला असणं, दिवा बारा-बारा तास जळणं, म्हातारी पानं न कापणं, सडकं खाणं तळाशी साचणं, यांपैकी कशालाच मोठा पंप औषध नाही. उलट पंपाचं तोंड वर असेल तर पाण्याचा पृष्ठभाग खळखळतो आणि पैसे मोजून सोडलेला सीओटू हवेत उडून जातो. हवेच्या समतोलात पाण्यात हा वायू लिटरमागे जेमतेम अर्धा मिलिग्रॅम राहतो, आणि आपण धडपडून तो २०-३० पर्यंत नेतो. पृष्ठभाग जितका खळाळेल तितकं पाणी पुन्हा त्या अर्ध्याकडे घसरतं. मग बुडबुडे वाढवा, मग मासे वर येऊन तोंड मारू लागले की पुन्हा खळखळाट वाढवा. हे चक्र ज्याने त्याने स्वतः पाहिलेलं असतं, पण नाव घेतो ते कमी प्रवाहाचं.

ताकाशी अमानो यांनी १९८२ साली जपानमध्ये एडीए कंपनी सुरू केली आणि आज आपण ज्याला ॲक्वास्केपिंग म्हणतो त्याचा मार्ग घालून दिला. त्यांच्या टाक्यांची छायाचित्रं भिंतीवर लावणारेच दहापटीचा जप करतात, हे मला कधी उलगडलेलं नाही. त्या टाक्यांत पाणी काचेच्या कर्ण्यातून, लिली पाइपमधून, मऊ पसरून येतं. दिवे लागलेले असताना पृष्ठभाग शांत, आणि दिवे मालवल्यावर रात्री हवा, ही त्या घराण्याची रीत. पाणी कोणत्या वेळी, कोणत्या दिशेने, किती हळू, याचा विचार तिथे दिसतो.

दुसऱ्या टोकाच्या मंडळींनाही इथे दोन शब्द. वॉलस्टॅडबाईंचं नाव घेऊन फिल्टर भंगारात काढायला निघालेले काही जण असतात. त्यांची पद्धत चालते ती सगळ्या अटींसकट: तळाला बागेची माती, मासे मोजके, झाडं भरपूर आणि भराभर वाढणारी, सीओटूचा सिलिंडर नाही. कडक एलईडी, सिलिंडर, तळभर माँटे कार्लोची हिरवळ आणि वर चाळीस टेट्रा मासे, अशा टाकीतून फिल्टर काढून घेतला तर आठवड्यात पाणी त्यांना उत्तर देईल. तळाची हिरवळ तर दूरच्या कोपऱ्यात सर्वांत आधी उपाशी मरते. तिथे प्रवाह पोचवावाच लागतो, आणि अशा टाकीला सहा-सातपट खरा, मोजलेला प्रवाह लागला तर त्यात नवल नाही. वाद प्रवाहाशी नाहीच. वाद आहे तो टाकी न बघता ठोकलेल्या आकड्याशी.

टाकी बघायची म्हणजे काय? फिल्टरपासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यात, तळापासून चार बोटं वर, ड्रॉप चेकर, म्हणजे सीओटूचं प्रमाण रंगाने दाखवणारी काचेची कुपी, लावा. फिल्टरजवळ तो हिरवा आणि तिथे निळा दिसला तर पाणी पोचत नाहीये. आधी नळीचं तोंड फिरवा, मधला दगड हलवा, दाट झुडूप छाटा. पॉवरहेड हा त्यानंतरचा, शेवटचा उपाय. जावा मॉसवर तपकिरी गाळ बसलाय का, ते बोटाने झटकून पाहा. व्हॅलिस्नेरियाची पानं दिवसरात्र एकाच बाजूला आडवी पडून राहत असतील, मासे एका कोपऱ्यात गोळा होऊन बसत असतील, तर प्रवाह जास्त आहे, खोक्यावर काहीही लिहिलेलं असो. खेचणाऱ्या नळीची जाळी पंधरवड्यातून एकदा ब्रशने साफ करा. गेलेला प्रवाह पुष्कळदा त्या जाळीतच अडकलेला असतो.

आणि दुकानात कोणी दोन हजार लिटरच्या डब्याकडे बोट दाखवलं, तर त्याने आधी तुम्हाला काय विचारलं ते आठवा. टाकीत झाडं कोणती, मासे कोणते, सिलिंडर आहे का, तुमच्याकडे वीज किती वेळ जाते? यातलं काहीही न विचारता ज्याने आकडा सांगितला, त्याच्याकडून फिल्टर घेऊ नका.